जमिनीखालचं तेल कुणाचं? : कॅनडातून टेक्सासकडे बघताना

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं, वीज गेली, आणि त्याच महिन्यात नेओमी क्लाइन यांचा एक लेख ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आला. क्लाइन मूळच्या माँट्रियलच्या. ‘द शॉक डॉक्ट्रिन’ (२००७) आणि ‘धिस चेंजेस एव्हरीथिंग’ (२०१४) या पुस्तकांमुळे कॅनडातल्या पुरोगामी वाचकांच्या त्या जवळजवळ घरच्याच लेखिका आहेत. लेखातला प्रश्न थेट होता. लोक थंडीने मरतायत, आणि टेक्सासचे रिपब्लिकन नेते मात्र ग्रीन न्यू डीलला दोष देतायत, ते का? ही योजना तर अमेरिकेत कुठेच लागू झालेली नाही. तरी राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी टीव्हीवर जाऊन तिलाच जीवघेणी ठरवलं.

क्लाइन यांचं उत्तर त्यांच्या जुन्या मांडणीतून येतं. संकट आलं की आजूबाजूला ज्या कल्पना तयार पडलेल्या असतात त्याच उचलल्या जातात. चाळीसेक वर्षं त्या कल्पना उजव्यांच्या होत्या: खासगीकरण, नियम काढून टाकणं, बाजारावर सोडणं. टेक्सासमध्ये तीच कल्पना सगळ्यांदेखत कोसळली आणि डाव्यांकडे पर्याय तयार होता. म्हणून हे नेते घाबरले.

मी हा लेख तेव्हा वाचला, आवडला, चार जणांना पाठवला. कॅनडातल्या माझ्या वयाच्या बऱ्याच लोकांनी टेक्सासबद्दल जे काही वाचलंय ते याच धाटणीचं. पण मागच्या काही वर्षांतल्या घडामोडी त्याच्याशेजारी ठेवून तो पुन्हा वाचला, तर त्यात बरोबर काय आणि उणं काय, दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं.

आधी बरोबर काय ते. विजेच्या बाबतीत क्लाइन यांचा राग योग्यच आहे. टेक्सासच्या बहुतेक भागाला वीज देणारं ‘एरकॉट’चं जाळं मुद्दाम शेजारच्या राज्यांपासून वेगळं ठेवलेलं आहे, म्हणजे केंद्राचे नियम लागू व्हायला नकोत. २०११ मध्येही असाच गारठा पडून वीज गेली होती. यंत्रणा थंडीसाठी तयार करा, असं त्यानंतरच्या केंद्रीय अहवालात सांगितलं होतं. राज्याने ते बंधनकारक केलं नाही. २०२१ मध्ये ४५ लाखांवर घरं आणि दुकानं अंधारात गेली, नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गोठली, आणि राज्याच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. अख्खं जाळं पूर्ण कोसळायला साडेचार मिनिटांच्या आसपास वेळ उरला होता. उलट, राज्याच्या पश्चिम टोकाचं एल पासो शहर ‘एरकॉट’च्या बाहेर आहे. तिथल्या वीज कंपनीने २०११ नंतर पैसे खर्च करून यंत्रं थंडीसाठी सज्ज केली होती. तिथे फारच थोड्या लोकांची वीज गेली. म्हणजे हे टळू शकत होतं.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की या मांडणीत टेक्सासचा उजवेपणा म्हणजे फक्त एक विचारधारा उरते. वर बसलेल्या काही लोकांनी शिकागोच्या अर्थशास्त्रातून उचललेली आणि खाली लादलेली. लोक तिला पुन्हा पुन्हा मत का देतात, याचं उत्तर मग दोनच प्रकारे देता येतं: एकतर त्यांना फसवलं जातंय, नाहीतर त्यांना कळत नाही. टोरोंटोच्या कॉफीच्या टेबलावर हे दुसरं उत्तर फार सहज येतं.

या उत्तरांमध्ये एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. जमिनीखालचं तेल कुणाचं?

टेक्सासमध्ये ते खासगी मालकीचं असू शकतं, आणि बरंचसं आहे. १८६६ च्या राज्यघटनेने जमिनीखालच्या खनिजांवरचा राज्याचा हक्क जमीनमालकांना सोडून दिला. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याच्या रानात कंपनीने विहीर खणली आणि खनिजाचा हक्क त्याच्याकडे असेल, तर तेलाच्या विक्रीतला ठरलेला वाटा त्याच्या नावाच्या चेकने घरी येतो. शेती तोट्यात गेली त्या वर्षीही येतो. अशा घराला ‘सरकारने जमिनीत नाक खुपसू नये’ हे वाक्य शिकागोने शिकवावं लागत नाही. ते त्यांच्या बँकेच्या पासबुकात लिहिलेलं असतं.

पण हा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकताही येतो. मग वरची जमीन एकाची, खालचं तेल दुसऱ्याचं, आणि कायद्यात खालच्याचा हक्क वरचढ. ज्याच्याकडे फक्त वरची जमीन आहे त्याच्या वाट्याला ट्रक, धूळ आणि आवाज. डेंटन शहरातल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली. हे विद्यापीठांचं शहर खरं, पण ज्या काउंटीत ते आहे ती तेव्हा भक्कम रिपब्लिकन होती. काही महिन्यांतच, मे २०१५ मध्ये, राज्याच्या रिपब्लिकन विधिमंडळाने कायदा करून शहरांचा असा बंदीचा अधिकारच काढून घेतला. एरवी ‘वॉशिंग्टनने आमच्यात पडू नये’ म्हणणाऱ्या ऑस्टिनने डेंटनमध्ये बिनदिक्कत हात घातला. टेक्सासच्या उजव्या राजकारणातली खरी भेग इथे आहे, मालमत्तेच्या एका हक्काची दुसऱ्या हक्काशी. बाहेरून एकच रंग बघणाऱ्याला ती दिसत नाही.

पवनऊर्जेची गोष्टही याच धाग्याची. अमेरिकेत सगळ्यात जास्त पवनऊर्जा टेक्सास तयार करतं. आणि सुरुवात कुठून झाली? जॉर्ज डब्ल्यू. बुश राज्यपाल असताना १९९९ मध्ये झालेल्या कायद्यातून. ज्या कायद्याने वीजबाजार मोकळा केला, त्याच कायद्यात अक्षय ऊर्जेचं २,००० मेगावॉटचं बंधनकारक लक्ष्यही होतं. पुढे रिक पेरींच्या काळात पश्चिमेच्या वाऱ्याची वीज पूर्वेच्या शहरांत आणायला सुमारे सात अब्ज डॉलरच्या वाहिन्या टाकल्या गेल्या, आणि तो खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलात वाटला गेला. याला निव्वळ बाजार म्हणणं कठीण आहे. २०२५ मध्ये अक्षय ऊर्जेला खोडा घालणारी काही विधेयकं राज्याच्या सिनेटमध्ये मंजूर झाली, पण प्रतिनिधीगृहात ती अडकून मेली. पवनचक्कीचं भाडंही शेवटी रानाच्या मालकालाच मिळतं, हे लक्षात घेतलं तर याचं फार नवल वाटायला नको.

आता कॅनडाकडे येऊ. ‘अल्बर्टा म्हणजे कॅनडाचं टेक्सास’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. गुरं, तेल, टोप्या, उजवं मत, सगळं जुळतं. मालकी जुळत नाही. अल्बर्टातली सुमारे ८० टक्के खनिजं प्रांत सरकारच्या मालकीची आहेत. तिथे वाटा सरकारी तिजोरीत जातो, त्यातून शाळा आणि दवाखाने चालतात आणि कर कमी ठेवता येतात. म्हणून अल्बर्टाचं भांडण मुख्यतः ओटावाशी असतं, ‘आमच्या प्रांताचं तेल’ या भाषेत. १९८० मध्ये पियरे ट्रुडोंनी आणलेला राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम तिथे अजून काढला जातो. आणि गंमत बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पवन आणि सौर प्रकल्पांची मंजुरी सात महिने थांबवली ती अल्बर्टाने. टेक्सासमध्ये जे विधिमंडळात अडलं, ते इथे सरकारच्या एका निर्णयाने झालं.

क्लाइन यांच्यावर इथे अन्याय नको. त्या कॅनडाला सोडत नाहीत. २०१५ च्या ‘लीप मॅनिफेस्टो’मागे त्यांचा मोठा वाटा होता, आणि नव्या पाइपलाइन नकोत असं त्यात स्पष्ट होतं. २०१६ मध्ये एडमंटनच्या अधिवेशनात एनडीपीने त्यावर चर्चा करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने विरोध कुणी केला? अल्बर्टाच्या एनडीपीच्याच मुख्यमंत्री रेचल नॉटली यांनी. त्या काही उजव्या नव्हत्या. पण तेलावर चालणारं सरकार त्यांच्या हातात होतं.

दुसरं उदाहरण तर थेट टेक्सासमधलंच. मार्च २०१७ मध्ये जस्टिन ट्रुडो ह्यूस्टनला तेल उद्योगाच्या परिषदेत बोलले. १७३ अब्ज बॅरल तेल सापडल्यावर कुठलाही देश ते जमिनीतच सोडून देणार नाही, असं ते म्हणाले, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने ट्रान्स माउंटन पाइपलाइन साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली. विकणारी कंपनी मूळची ह्यूस्टनचीच, किंडर मॉर्गन. विस्ताराचं काम मे २०२४ मध्ये पूर्ण होईपर्यंत खर्च ३४ अब्जांच्या घरात गेला. टेक्सासच्या उजव्यांना नावं ठेवणारा कॅनडाचा करदाता एका तेलवाहिनीचा मालक झाला होता.

या चौकटीत न बसणारी आणखी एक गोष्ट आहे. रिओ ग्रांदे नदीकाठची झपाटा काउंटी जवळजवळ पूर्ण हिस्पॅनिक, पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट, आणि वायूच्या विहिरींवर पोट भरणारी. २०२० मध्ये ती ट्रम्पकडे गेली. २०२४ मध्ये शेजारची स्टार काउंटी शंभराहून जास्त वर्षांत पहिल्यांदा रिपब्लिकन झाली. एकट्या तेलाने हे समजत नाही. महागाई होती, सीमेचा प्रश्न होता. पण ‘संकटानंतर लोक आपोआप आपल्या पर्यायाकडे येतील’ हा २०२१ च्या लेखातला भरवसा इथे टिकला नाही. पर्याय तयार असून भागत नाही. विहीर बंद झाली तर पुढच्या महिन्याचा पगार कोण देणार, हेही त्यात लिहिलेलं असावं लागतं.

खरं तर क्लाइन यांनी स्वतः याहून चांगलं लिहिलंय. ‘धिस चेंजेस एव्हरीथिंग’मध्ये टेक्सास सिटीजवळच्या एका राखीव गवताळ माळाचं प्रकरण आहे. जमीन दिली तेल कंपनीने, नेचर कन्झर्वन्सी या संस्थेला, प्रेअरी चिकन नावाचा दुर्मीळ पक्षी वाचवायला. पुढे संस्थेनेच तिथे विहीर खणून पैसे कमावले. शेवटी पक्षी तिथून नाहीसे झाले. त्या पानांत खलनायक शोधायची घाई नाही. जमीन कुणाची, पैसा कुणाकडे गेला, करारात काय होतं, हे त्या चिकाटीने शोधतात, आणि म्हणूनच ती पानं लक्षात राहतात. वर्तमानपत्रातल्या लेखाला तेवढी जागा नसते, हे मान्य. पण कॅनडातल्या आपल्या चर्चांनी त्यांचा लेख उचलला आणि ती पानं सोडून दिली.

हा प्रश्न आपल्याला लांबचा वाटू नये. ह्यूस्टन आणि कॅल्गरी, दोन्हीकडे कितीतरी मराठी घरं तेलाच्या पगारावर चालतात. ऑस्टिन किंवा कॉलेज स्टेशनला शिकलेले मित्र प्रत्येकाचे असतात. त्या विद्यापीठांच्या मागे पश्चिम टेक्सासमधली सुमारे २१ लाख एकर जमीन आहे. १९२३ मध्ये तिथे ‘सांता रीटा’ नावाच्या विहिरीला तेल लागलं, आणि त्या जमिनीचा पैसा आजही दोन्ही विद्यापीठांकडे जातो. हवामान बदलावरचं कितीतरी संशोधन त्याच आवारांत होतं. म्हणून त्या मित्रांनी गप्प बसावं असं नाही. उलट, तेल बंद करायचं तर हा पैसा कुठून येईल याचा हिशेब मांडायला त्यांच्याइतकी योग्य जागा दुसऱ्या कुणाची नाही.

टेक्सासच्या राजकारणावर टीका करायलाच हवी. २४६ मृत्यू कुठल्याही राजकारणाला परवडू नयेत. पण ती टीका करताना क्लाइन यांचा लेख हाताशी ठेवा आणि शेजारी त्यांच्याच पुस्तकातली माळरानाची पानंही उघडी ठेवा. पहिल्यात राग आहे. तो राग कुठे पोचवायचा, चेक कुणाच्या नावाने निघतो आणि वाहिनी कुणाच्या मालकीची आहे, ते बघायची पद्धत दुसऱ्यात आहे. आणि ती पद्धत एकदा हातात आली की ती अल्बर्टाला आणि ओटावालाही लावावी लागेल.