समवाय की ठिगळ? : झाकिर हुसेन समितीच्या अहवालाचे पुनर्वाचन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे आंतरविद्याशाखीय अध्यापनाची चर्चा शाळाशाळांतून पुन्हा सुरू झाली आहे. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने अभ्यासक्रम आखण्यासाठी एक समिती नेमली. जामिया मिल्लिया इस्लामियाचे तत्कालीन प्रमुख डॉ. झाकिर हुसेन हे तिचे अध्यक्ष होते. विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा यांच्याबरोबर ख्वाजा गुलाम सय्यदैन हेही सदस्य होते. मराठीत ही योजना ‘मूलोद्योग शिक्षण’ आणि तिची पद्धती ‘समवाय’ या नावांनी ओळखली गेली. या अहवालाचा उल्लेख आज बहुधा गौरवापुरताच होतो. त्याची चिकित्सा मात्र फारशी होत नाही.

अहवालाचे सामर्थ्य

सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मातृभाषेतून सात वर्षे शिक्षण मिळावे आणि ते उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले असावे, ही अहवालाची मुख्य भूमिका होती. हस्तव्यवसाय, भौतिक परिसर आणि सामाजिक परिसर या तीन केंद्रांशी सर्व विषयांचा संबंध जोडावा, असे समितीने सुचविले.

सूतकताईचे उदाहरण घेतल्यास या विचाराची ताकद ध्यानात येते. एका पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका त्या सुताचा अंक. म्हणजे २० अंकी सुताच्या एका पौंडात १६,८०० वार लांबी भरते. सूत जितके बारीक, तितका अंक मोठा. येथे गुणाकार आणि प्रमाण बाहेरून आणावे लागत नाही. त्याखेरीज सुताची प्रतच ठरत नाही. पिळाने धागा बळकट का होतो, हा प्रश्न घर्षणापर्यंत पोहोचवतो. काम अडते म्हणून ज्ञान लागते, हा समवायाचा गाभा होय.

अहवालाच्या मर्यादा

तथापि, अहवालातील वेळापत्रक वेगळीच गोष्ट सांगते. रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली आहेत. मातृभाषेला ४० मिनिटे. संगीत, चित्रकला व अंकगणित मिळून ४० मिनिटे. तर समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून अवघी ३० मिनिटे आहेत. मूलोद्योगाच्या तासातच इतर विषय शिकविले जातील, ही अपेक्षा त्यामागे आहे. ही सारी अपेक्षा एकट्या शिक्षकाच्या कुवतीवर उभी आहे. ती कुवत नसेल तर उरते ते केवळ काम. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक उद्दिष्टे मागे पडण्याचा धोका समितीनेही नोंदविला होता. मात्र तो टाळण्याची हमी वेळापत्रकात दिसत नाही.

दुसरी मर्यादा विषयांच्या स्वरूपाची आहे. गणित टकळीला सहज जुळते, इतिहास तसा जुळत नाही. कापसाची गोष्ट सांगितली म्हणजे इतिहास शिकविला असे होत नाही. पुरावा तपासणे, दोन साक्षींतील विसंगती ओळखणे, कारण व परिणाम वेगळे करणे ही इतिहासाची शिस्त आहे. ती सोडून नुसता विषयाचा धागा जोडला तर तो समवाय नसून ठिगळ ठरते.

आजचा वर्ग

२०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकावे, अशी सूचना आहे. चंदेरी व बुऱ्हाणपूर येथील अन्सारी विणकरांची किंवा बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील विणकरांची मुले ज्या वर्गात बसतात, तेथे या सूचनेचा अर्थ बदलतो. माग त्यांनी घरी पाहिलेला असतो. ‘कापड’ हा विषय देऊन चित्र काढणे, कविता म्हणणे, नमुने चिकटवणे एवढ्यावर प्रकल्प संपत असेल, तर त्या मुलांना नवीन काहीच मिळत नाही.

याउलट, हातमागाची साडी यंत्रमागाच्या साडीपेक्षा महाग असूनही विणकराच्या पदरी कमी का पडते, हा प्रश्न वर्गापुढे ठेवला तर चित्र पालटते. ताण्या-बाण्याचा हिशेब, लागलेले तास आणि मजुरी यांसाठी गणित लागते. यंत्रमागाचा वेग समजण्यासाठी विज्ञान लागते. काही वाण केवळ हातमागासाठी राखून ठेवणारा १९८५ चा केंद्रीय कायदा वाचण्यासाठी नागरिकशास्त्र लागते. आजोबांची मुलाखत घेऊन ती नेमकी लिहिण्यासाठी भाषा लागते. आजोबा सांगतात त्या मजुरीशी जुन्या हिशेबवहीतले आकडे जुळले नाहीत, तर तेथे इतिहासाचा खरा धडा सुरू होतो. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणत्याही एका विषयाजवळ नाही. म्हणूनच विषय एकत्र येतात, आणि प्रत्येक विषय आपल्या शिस्तीसह येतो.

निष्कर्ष

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. शाळेत विषयांची सरमिसळ झाली आणि पाया कच्चा राहिला, तर त्याची किंमत विद्यार्थी अकरावीच्या वर्गात मोजतो. संपन्न घरातील मूल ती उणीव शिकवणी लावून भरून काढते; विणकराच्या मुलीला तो मार्ग नसतो. म्हणून एकत्रित पाठाची कसोटी साधी असावी. पाठ संपल्यावर मुलीला गणित अधिक आले का, इतिहास अधिक कळला का आणि आपल्या घरातील मागाकडे ती नव्या प्रश्नाने पाहू लागली का? पहिल्या दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल, तर तिसऱ्याच्या समाधानावर विसंबून चालणार नाही. झाकिर हुसेन समितीने विषयांमधील भिंतींना दारे पाडण्याचे धाडस केले. भिंतीच पाडून टाकणे हा त्या धाडसाचा अर्थ नव्हे.