बांधकाम परवान्यांची मर्यादा आणि वाटप : पेटालुमा योजनेची चिकित्सा

प्रस्तावना :

शहराची वाढ कोठे व्हावी या प्रश्नाचा नगरनियोजनात पूर्वीपासून विचार होत आला आहे. ती किती वेगाने व्हावी आणि ठरलेल्या वेगात बांधकामाची संधी कोणाला मिळावी, हे प्रश्न मात्र तुलनेने उशिरा पुढे आले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील पेटालुमा या लहान शहराने 1972 मध्ये स्वीकारलेली योजना हे या प्रश्नांना मिळालेले एक आरंभीचे व सुस्पष्ट उत्तर होय. प्रस्तुत लेखात या योजनेतील 'मर्यादा' व 'वाटप' ही दोन अंगे वेगळी करून त्यांची चिकित्सा केली आहे.

पार्श्वभूमी :

पेटालुमा हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सुमारे 40 मैलांवर, सोनोमा परगण्यात वसलेले शहर आहे. एकेकाळी कुक्कुटपालन आणि अंड्यांचा व्यापार यांसाठी ते प्रसिद्ध होते. द्रुतगती महामार्गामुळे सॅन फ्रान्सिस्को परिसरात नोकरी करून येथे राहणे शक्य झाले आणि शहराच्या पूर्व भागात वसाहती झपाट्याने उभ्या राहू लागल्या. 1969 मध्ये 358 घरे बांधून पूर्ण झाली होती. 1970 मध्ये 591 आणि 1971 मध्ये 891 घरे पूर्ण झाली. दोन वर्षांत हे प्रमाण जवळजवळ अडीच पट झाले. 1970 मध्ये लोकसंख्या सुमारे 25,000 असलेल्या शहराला हा वेग पेलणारा नव्हता. त्यामुळे 1971 मध्ये नव्या विकासाला तात्पुरती स्थगिती देण्यात आली आणि त्यानंतर ही योजना आकारास आली.

योजनेचे स्वरूप :

1972 ते 1977 या काळात दरवर्षी 500 घरांनाच परवाने द्यावेत, असे योजनेने ठरविले. पाच किंवा अधिक घरांच्या प्रकल्पांनाच ही मर्यादा लागू होती. त्याहून लहान बांधकामे तिच्यातून वगळली होती. परवाने शहराच्या पूर्व व पश्चिम भागांत, तसेच स्वतंत्र घरे व बहुकुटुंब इमारती यांत समतोल राखून द्यावयाचे होते. शहराच्या विस्ताराची बाह्य रेषाही आखण्यात आली. परवान्यासाठी बांधकाम व्यावसायिकांना स्पर्धा करावी लागे. गुणांकनाचे दोन गट होते. पहिल्यात पाणी, सांडपाणी, शाळा, रस्ते इत्यादी सेवांची उपलब्धता पाहिली जाई आणि प्रत्येक निकषास 5 पर्यंत गुण असत. दुसऱ्यात वास्तुरचनेचा दर्जा, मोकळ्या जागा, सार्वजनिक सोयी आणि अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी घरे यांचा विचार होई आणि प्रत्येक निकषास 10 पर्यंत गुण असत.

मर्यादेची चिकित्सा :

सेवांची क्षमता अपुरी असताना वाढीचा वेग रोखणे हे नगरपरिषदेचे कर्तव्यच आहे. परंतु क्षमता हेच मर्यादेचे कारण असेल, तर क्षमता वाढताच मर्यादाही वाढली पाहिजे. पेटालुमाचा आकडा मात्र पाच वर्षांसाठी स्थिर होता. याचे कारण असे की योजनेला लहान गावाचे रूप आणि विरळ वस्ती हीदेखील जपावयाची होती. ही इच्छा गैर नाही. परंतु ती सध्या तेथे राहणाऱ्यांची इच्छा आहे. तिचे मूल्य ज्यांना द्यावे लागते, ते अद्याप शहराबाहेर असतात आणि त्यांना तेथे मताधिकार नसतो.

वाटपाची चिकित्सा :

गुणांकनामुळे परवाने वशिल्याने किंवा 'प्रथम येईल त्यास प्रथम' या तत्त्वावर न जाता जाहीर निकषांवर दिले जाऊ लागले, हे योजनेचे मोठे श्रेय होय. 8 ते 12 टक्के घरे अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी असावीत, ही अपेक्षाही त्या काळी पुरोगामी होती. तथापि या निकषांत एक अंतर्विरोध आहे. सुंदर रचना, मोकळी जागा व सोयी यांचा खर्च अखेरीस घराच्या किमतीत उतरतो. गुणांसाठीची स्पर्धा ही अशा रीतीने महागड्या घरांची स्पर्धा होते. परवडणारे घर हा अनेक निकषांपैकी केवळ एक निकष असून उरलेले बहुतेक निकष त्याच्या विरुद्ध दिशेने ओढतात. सोनोमा परगण्यातीलच सांता रोझा या शहराशी तुलना करणारे श्वार्ट्झ, हॅन्सन व ग्रीन यांचे 1981 व 1984 मधील अभ्यास पेटालुमातील नव्या घरांच्या किमतीतील वाढीकडे आणि मध्यम किमतीच्या घरांच्या घटत्या प्रमाणाकडे लक्ष वेधतात.

न्यायालयीन निर्णय :

बांधकाम व्यावसायिकांची संघटना व जमीनमालक यांनी योजनेस आव्हान दिले. 1974 मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने नागरिकांच्या प्रवास व स्थलांतराच्या हक्काच्या आधारे योजना रद्द ठरविली. परिसरातील सर्व शहरांनी असेच धोरण स्वीकारल्यास 1970 ते 1980 या दशकात सुमारे 1,05,000 घरे कमी पडतील, हा मुद्दाही या खटल्यात पुढे आला होता. 1975 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. स्थलांतराचा हक्क हा बाहेरून येऊ इच्छिणाऱ्यांचा असून वादींना तो त्यांच्या वतीने मांडता येणार नाही, आणि लहान गावाचे रूप राखून संथ गतीने वाढण्याची इच्छा लोककल्याणाच्या कल्पनेत बसते, असे न्यायालयाने मानले. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद सुसंगत आहे. परंतु त्यामुळे जो पक्ष गुणांकनाच्या वेळी अनुपस्थित होता, तो न्यायालयातही अनुपस्थितच राहिला.

निष्कर्ष :

पेटालुमा योजनेतील उणीव 500 या आकड्यात नसून तो ठरविण्याच्या व वाटण्याच्या रीतीत आहे. मर्यादा सेवांच्या क्षमतेशी बांधलेली असावी, परवडणाऱ्या घरांचा वाटा स्पर्धेबाहेर राखून ठेवावा आणि एका शहराची मर्यादा संपूर्ण परिसराच्या गरजेशी ताडून पाहावी, हे तीन बोध यातून निघतात. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2019 मध्ये गृहटंचाईविषयक कायदा करून, काही अपवाद वगळता, शहरांना परवान्यांच्या संख्येवर कमाल मर्यादा घालण्यास प्रतिबंध केला. एका शहराला वाजवी वाटणारा निर्णय अनेक शहरांनी घेतला की तो संपूर्ण राज्याची अडचण होतो, याची ही उशिरा आलेली जाणीव होय.