‘वासाचे जनुक’ म्हणावे काय?

जळगाव-धुळ्याकडे पिकल्या केळ्यांच्या फण्यांवर घोंगावणारी चिलटे सर्वांच्या परिचयाची. पेरू-कारल्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी; आनुवंशिकीच्या पुस्तकांतली ड्रॉसोफिला या चिलटांच्या कुळातली. तिच्याविषयी शिकवताना ‘डोळ्याच्या रंगाचे जनुक’, ‘वासाचे जनुक’ असे आपण सहज म्हणून जातो. या बोलण्याला आमचा आक्षेप आहे.

एक उदाहरण पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी, वेरोनिका रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून वास नीट न ओळखणाऱ्या माश्या शोधून काढल्या. त्यांतील एका उत्परिवर्तनाला ‘ओल्फ-डी’ हे नाव मिळाले. अमेरिकेत अशाच एका उत्परिवर्तनाला ‘स्मेलब्लाइंड’ म्हटले गेले. त्याआधी, १९७१ साली, कॅनडात डेव्हिड सुझुकी व सहकाऱ्यांनी एका वेगळ्याच माशीचे वर्णन केले होते. ती सुमारे २९ अंश सेल्सिअसला लुळी पडे आणि गारव्यात पुन्हा सावरे. आमच्या खानदेशी उन्हाळ्यात तर ती उठलीच नसती! तिच्या जनुकाचे नाव पडले ‘पॅरालिटिक’.

पुढे उलगडले, की ही तिन्ही नावे एकाच जनुकाची आहेत. हे जनुक चेतापेशीच्या पटलातील सोडियम-मार्गाचे प्रथिन घडवते. त्या मार्गाने सोडियमचे आयन आत शिरतात, तेव्हा चेतासंदेश पुढे सरकतो. जनुक पूर्ण निकामी झाले तर माशी जगतच नाही.

रोहित्रावरचा फ्यूज उडाला, की केळीबागेचे पाणी थांबते. म्हणून त्याला कोणी ‘केळीचा फ्यूज’ म्हणत नाही, कारण गावातली पिठाची गिरणीही त्याच वेळी बंद पडलेली असते. ज्याने वास तपासला त्याला वासातला बिघाड दिसला. ज्याने तापमान वाढवले त्याला लुळेपणा. संशोधकांची निरीक्षणे खरीच होती. पण बिघाडावरून दिलेले नाव म्हणजे जनुकाचे कार्य नव्हे.

‘फ्लायबेस’ या माहितीसंग्रहात आज मुख्य नाव ‘पॅरालिटिक’ आहे, बाकीची पर्यायी म्हणून नोंदलेली आहेत. तिथे जनुकाच्या कार्याच्या नोंदीसोबत पुरावाही सांगितलेला असतो: प्रयोगातून दिसले, की केवळ दुसऱ्या जनुकाशी असलेल्या साम्यावरून अनुमान केले? या दोहोंचे वजन सारखे नाही.

वर्गातही हाच नियम पाळावा. ‘अमक्याचे जनुक’ न म्हणता ‘हे जनुक बिघडले तर अमुक बिघडते’ असे म्हणावे. आणि विद्यार्थ्याला ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारायची सवय लावावी.