संगणकाच्या खिडकीतील मराठी : क्यूट फ्रेमवर्कच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटणे आणि संगणकाने वापरकर्त्याशी मराठीत संवाद साधणे या दोन भिन्न गोष्टी होत. 1991 मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला आणि पहिल्या गोष्टीचा पाया घातला गेला. दुसरीचा विचार मात्र अद्याप अपुरा आहे. नॉर्वेतील ट्रोलटेक या कंपनीने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेले क्यूट हे फ्रेमवर्क आणि त्यावर 1996 पासून उभारला गेलेला केडीई हा मुक्त डेस्कटॉप यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करता येते. कारण केडीईचे मराठी भाषांतरही झालेले आहे.

फ्रेमवर्कचे सामर्थ्य :
क्यूटमध्ये खिडकीतील घटकांची मांडणी ठरावीक मोजमापांऐवजी लवचीक रचनेवर सोपविता येते. त्यामुळे ‘कॅन्सल’च्या जागी ‘रद्द करा’ आले तरी बटण आपोआप रुंदावते आणि वेलांटी, रफार, उकार कापले जात नाहीत. भाषांतरासाठी प्रत्येक शब्दाबरोबर संदर्भाची टीप जोडता येते. ‘ओपन’ ही आज्ञा असेल तर ‘उघडा’ आणि अवस्था असेल तर ‘उघडे’ हा भेद त्यामुळे राखता येतो. संख्येनुसार ‘1 फाईल’ व ‘5 फायली’ अशी रूपे देण्याचीही सोय आहे.

मर्यादा :
खरी अडचण सामान्यरूपाची आहे. वाक्यात रिकामी जागा ठेवून तिच्यात नाम भरण्याची रीत इंग्रजीला मानवते. मराठीत प्रत्ययापूर्वी नामच बदलते. ‘%1 मध्ये’ या साच्यात गावांची यादी भरली की ‘मोताळा मध्ये’, ‘बुलढाणा मध्ये’ अशी रूपे तयार होतात. धामणगाव बढे येथील शाळकरी मूलही ‘मोताळ्यात’, ‘बुलढाण्यात’ असेच म्हणेल. लिंगाचेही तसेच. फोल्डर हटवला जातो, फाईल हटवली जाते, चित्र हटवले जाते. ‘%1 हटवले’ हा एकच साचा तिघांना पुरत नाही. हा दोष भाषांतरकाराचा म्हणता येणार नाही, कारण रिकाम्या जागेत कोणते नाम येईल हे त्याला ठाऊक नसते. केडीई व ग्नोम यांच्या मराठी भाषांतरांत मेनूच्या नावापुढे कंसात रोमन अक्षर येते, तेही याच परावलंबनाचे चिन्ह होय. कळफलकावरील संक्षिप्त आज्ञा मूळ इंग्रजीच्याच राहतात आणि मराठी शब्द केवळ वरचे लेबल ठरतो.

उपाय :
यावरचा उपाय मराठीच्या प्रकृतीतच आहे. ‘बुलढाणा येथे’ या रचनेत सामान्यरूपाची गरज पडत नाही. ‘ठिकाण : बुलढाणा’ ही मांडणीही निर्दोष आहे. फोल्डर, फाईल व चित्र यांसाठी तीन स्वतंत्र वाक्ये लिहिली, तर लिंगाचा प्रश्न सुटतो. यासाठी भाषेचा जाणकार आराखड्याच्या वेळीच सहभागी असावा लागतो. प्रोग्राम पूर्ण झाल्यावर त्याच्या हाती शब्दांची यादी देऊन भागत नाही.

निष्कर्ष :
मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पडद्यावरील मराठी वाचून अडखळला की इंग्रजी मेनूकडे वळतो आणि अर्थाऐवजी बटणांच्या जागा पाठ करतो. मग मराठी इंटरफेस कोणी वापरत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक, नाकारली जाते ती सदोष वाक्यरचना. महाविद्यालयांतील संगणकशास्त्र व मराठी या विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपासूनच एकत्र काम केल्यास ही दरी बुजविता येईल. फ्रेमवर्कने दार उघडे ठेवले आहे. त्यातून मराठी व्याकरणासह आत नेणे हे अभ्यासकांचे कर्तव्य आहे.