रॉबर्ट बर्न्स : राष्ट्रकवीची प्रतिमा आणि गीतकाराचे कार्य

प्रस्तावना

दरवर्षी २५ जानेवारीच्या रात्री स्कॉटलंडमध्ये, आणि स्कॉटिश माणसे जेथे जेथे स्थायिक झाली तेथेही, रॉबर्ट बर्न्स (१७५९-१७९६) या कवीच्या जन्मदिनानिमित्त सामुदायिक भोजन होते. हॅगिस या पारंपरिक पदार्थाला उद्देशून त्याने लिहिलेली कविता म्हटली जाते, कवीच्या स्मृतीला अभिवादन करणारे भाषण होते आणि अखेरीस सर्वजण हात गुंफून 'ऑल्ड लँग साइन' गातात. कवीच्या जन्मदिनी लोकांनी एकत्र पंगतीला बसावे, असे भाग्य फार थोड्या कवींच्या वाट्याला आले आहे. आपल्याकडील इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात मात्र बर्न्सचा परिचय बहुधा 'स्वच्छंदतावादाचा अग्रदूत' एवढ्यावरच संपतो. वर्ड्‌सवर्थकडे जाणाऱ्या वाटेवरील तो एक थांबा ठरतो.

वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी आहेत. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच कल्पना आहे. विद्येचा संस्कार नसलेला, निसर्गानेच घडवलेला शेतकरी कवी, ही ती कल्पना होय. या प्रतिमेने बर्न्सला कीर्ती दिली, पण त्याचे खरे कार्य झाकले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचे राष्ट्रकवित्व नांगर हाकणाऱ्या हाताच्या नवलाईत नसून, स्वतःचे नाव मागे ठेवून त्याने केलेल्या गीतकार्यात शोधावे लागते.

शेती आणि वाचन

एअरशायरमधील ॲलोवे येथे वडिलांनी स्वतः बांधलेल्या मातीच्या घरात बर्न्सचा जन्म झाला. वडील विल्यम बर्न्स खंडाने जमीन कसत. निकृष्ट जमीन, वाढता खंड आणि कर्ज यांच्याशी झुंजतच १७८४ मध्ये त्यांचे निधन झाले. सात भावंडांतील थोरल्या रॉबर्टला लहान वयातच शेतातील अंगमेहनत करावी लागली.

परंतु हे घर अडाणी नव्हते. वडिलांनी शेजाऱ्यांच्या साह्याने जॉन मर्डॉक नावाचा तरुण शिक्षक मुलांसाठी नेमला होता. बर्न्सने पोप, शेक्सपिअर व ॲडिसन वाचले होते, लॉकचे तत्त्वज्ञान चाळले होते, फ्रेंचचीही त्याला ओळख होती. त्याच वेळी दुसरे एक विद्यापीठ घरातच होते. आई ॲग्नेस जुनी गीते गात असे आणि बेटी डेव्हिडसन ही नात्यातील वृद्ध स्त्री भुताखेतांच्या कथा सांगत असे. छापील इंग्रजी परंपरा आणि मौखिक स्कॉट्स परंपरा या दोन्हींचा वारसा बर्न्सला एकाच चुलीपाशी मिळाला. यांपैकी एकीचाच विचार करणारे मूल्यमापन अपुरे ठरते.

'नांगऱ्या कवी' ही प्रतिमा

३१ जुलै १७८६ रोजी किल्मार्नॉक येथील मुद्रक जॉन विल्सन याने बर्न्सचा पहिला संग्रह 'पोएम्स, चीफली इन द स्कॉटिश डायलेक्ट' प्रसिद्ध केला. आगाऊ वर्गणीदार मिळवून ६१२ प्रती छापल्या होत्या व किंमत तीन शिलिंग होती. त्या संपण्यास फार काळ लागला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्न्स एडिंबरोस पोहोचला आणि डिसेंबरात हेन्री मॅकेंझी या प्रतिष्ठित लेखकाने 'द लाउंजर' या नियतकालिकात त्याचा गौरव करताना त्याला स्वर्गानेच शिक्षण दिलेला नांगऱ्या ठरवले. हे विशेषण पुढे कायमचे चिकटले.

या प्रतिमेच्या घडणीत बर्न्सचाही हात होता, हे नाकारता येत नाही. संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने आपण विद्वानांच्या कलेपासून वंचित असल्याचे सांगितले. मात्र तेथेच त्याने ॲलन रॅम्झी आणि रॉबर्ट फर्ग्युसन या स्कॉट्स कवींचे ऋण मान्य केले. एडिंबरोत गेल्यावर, १७७४ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी निधन पावलेल्या फर्ग्युसनची कबर ओळखखुणेविना पडलेली पाहून, तिच्यावर स्वखर्चाने शिळा उभारण्याची परवानगी त्याने १७८७ मध्ये मिळवली. ज्याला गुरुपरंपरा नाही असा कवी असे करत नाही. ज्याला आज 'बर्न्सचे कडवे' म्हणतात, ते चौथी व सहावी ओळ आखूड असलेले सहा ओळींचे कडवेही त्याचे स्वतःचे नव्हे. सतराव्या शतकात हॅबी सिम्प्सन या वादकावर लिहिल्या गेलेल्या विनोदी विलापिकेपासून ते स्कॉट्स कवितेत रुळले होते. बर्न्सने ते रॅम्झी-फर्ग्युसनकडून घेतले आणि त्याला करुण, उपरोधिक व चिंतनशील असे सर्व भाव पेलण्याचे सामर्थ्य दिले.

भाषेचा प्रश्न

१७०७ मध्ये स्कॉटलंडची स्वतंत्र संसद संपुष्टात आली. त्यानंतर सुशिक्षित स्कॉटिश वर्गाला आपल्या बोलण्यातील स्कॉट्स खुणा संकोचाच्या वाटू लागल्या. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने १७५२ मध्ये टाळावयाच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी दिली. जेम्स बीटी याने असाच एक कोश १७८७ मध्ये एडिंबरोत प्रसिद्ध केला, म्हणजे बर्न्सच्या संग्रहाची एडिंबरो आवृत्ती ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी. या पार्श्वभूमीवर संग्रहाच्या शीर्षकातच स्कॉट्स भाषेचा उल्लेख करणे हे धारिष्ट्याचे कृत्य होते.

तथापि बर्न्स केवळ बोलीत लिहिणारा कवी नव्हे. 'टू अ माउस' (१७८५) ही कविता या दृष्टीने उद्बोधक आहे. नांगराने उंदराचे घरटे मोडते. आरंभीचे संबोधन दाट स्कॉट्समध्ये आहे. दुसऱ्याच कडव्यात, मानवाच्या निसर्गावरील सत्तेविषयी बोलताना, भाषा जवळपास शुद्ध इंग्रजी होते आणि त्यानंतर पुन्हा स्कॉट्सकडे वळते. मोडलेल्या घराविषयीची माया घरच्या भाषेत येते, तर तत्त्वचिंतन ग्रंथांच्या भाषेत. शेवटी कवी उंदराला आपल्याहून सुखी ठरवतो, कारण त्याला केवळ वर्तमान आहे. माणसाला भूतकाळाची खंत असते आणि भविष्याचे भयही. खंड थकलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचा अनुभव या समारोपामागे आहे. दोन भाषांमधील ही ये-जा अजाणतेपणाची नाही. आपल्याला दोन भाषा आहेत याचे भान असलेल्या कवीचे ते कौशल्य आहे.

'होली विलीज प्रेअर' या कवितेत हेच कौशल्य उपरोधासाठी वापरले आहे. चर्चमधील एक ज्येष्ठ पदाधिकारी देवापुढे प्रार्थना करतो आणि आपल्या धार्मिकतेची ग्वाही देता देता स्वतःचाच दांभिकपणा उघडा पाडतो. कवी त्याच्यावर एका शब्दानेही टीका करत नाही. पवित्र ग्रंथाची भाषा आणि बाजारातील बोली त्याच्या तोंडी एकत्र आल्या की निवाडा आपोआप होतो. ही कविता बर्न्सने आपल्या संग्रहात घेतली नाही, यावरून तिचा दाह लक्षात यावा.

नाव मागे ठेवणारा गीतकार

एडिंबरोतील सत्काराचा बहर ओसरल्यावर बर्न्सने १७८८ मध्ये जीन आर्मरशी विवाह करून एलिसलँड येथे पुन्हा शेती धरली. १७८९ पासून तो अबकारी खात्यात नोकरीला लागला आणि १७९१ मध्ये डम्फ्रीसला राहावयास गेला. या काळात त्याची प्रतिभा ओसरली, असे मत पूर्वी मांडले जाई. १७९० मधील 'टॅम ओ'शँटर' हे कथाकाव्य त्याला उत्तर देतेच, पण त्याहून मोठे उत्तर त्याच्या गीतांत आहे.

जेम्स जॉन्सन या नकाशीकाराने 'स्कॉट्स म्युझिकल म्यूझियम' हा गीतसंग्रह हाती घेतला होता. १७८७ ते १८०३ या काळात त्याचे सहा खंड निघाले व त्यांत ६०० गीते आली. त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश गीते बर्न्सने रचलेली, जुळवलेली वा दुरुस्त केलेली आहेत. दुसऱ्या खंडापासून तोच या प्रकल्पाचा अघोषित संपादक होता. पुढे जॉर्ज थॉमसन याच्या संग्रहासाठीही त्याने विपुल लेखन केले. या कामाचे मानधन त्याने नाकारले. पण जुलै १७९६ मध्ये मृत्युशय्येवर असताना, कर्जापायी तुरुंगवास घडेल या भीतीने, त्याला याच थॉमसनकडे पाच पौंडांची याचना करावी लागली.

या कार्याची पद्धत लक्षणीय आहे. चाल मनात पूर्ण मुरल्याखेरीज आपण शब्द रचू शकत नाही, असे त्याने थॉमसनला कळवले होते. म्हणजे त्याच्या गीतांत शब्द चालीच्या पोटी जन्मतात. कुठे जुन्या गीताचे केवळ ध्रुवपद उरलेले असे, त्याला तो कडवी देई. कुठे अनेक लोकगीतांतील विखुरलेल्या प्रतिमा एकत्र आणून तो नवे गीत घडवी. 'अ रेड, रेड रोज' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. 'ऑल्ड लँग साइन' आपण एका म्हाताऱ्याच्या गाण्यावरून उतरवून घेतल्याचे त्याने सांगितले. रॅम्झीनेही याच शब्दांवर आधी गीत लिहिले होते. आज जग ज्या चालीवर ते गाते, ती चाल तर बर्न्सच्या मृत्यूनंतर, १७९९ मध्ये, थॉमसनने जोडली. यात कवीचे किती आणि लोकांचे किती, हे वेगळे काढता येत नाही.

या गीतकार्यामागे स्त्रियांचा कंठ आहे, याकडेही लक्ष वेधावे लागते. आईची गीते त्याच्या कानावर बालपणापासून होती. पत्नी जीन उत्तम गात असे व बर्न्सने तिच्या आवाजाची प्रशंसा केली आहे. ज्यांची नावे कोणत्याही मुखपृष्ठावर आली नाहीत अशा गायिकांनी जपलेला ठेवा बर्न्सने पुस्तकात आणला. राष्ट्रकवी ही संज्ञा त्याला सर्वार्थाने लागू पडते ती येथे.

वारसा : उत्सव आणि प्रश्न

१८०० मध्ये लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी यांनी बर्न्सच्या कुटुंबाच्या साह्यार्थ त्याचे साहित्य चार खंडांत प्रसिद्ध केले. सोबतच्या चरित्रात मद्यपानावर दिलेला भर पुढे शतकभर टिकला. संधिवाताच्या ज्वरातून उद्भवलेला हृदयविकार हे मृत्यूचे कारण आज अधिक संभवनीय मानले जाते. १८०१ मध्ये ॲलोवेच्या त्याच घरात नऊ स्नेह्यांनी पहिले स्मृतिभोजन केले आणि १८५९ च्या जन्मशताब्दीपर्यंत त्याची जागतिक प्रथा झाली. सॅम्युएल मार्शाक यांच्या अनुवादांतून तो रशियन वाचकांचा आवडता कवी बनला. भारतात रवींद्रनाथांनी 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवरून 'पुरानो शेइ दिनेर कथा' हे बंगाली गीत रचले. १ जुलै १९९९ रोजी नव्या स्कॉटिश संसदेच्या उद्घाटनप्रसंगी शीना वेलिंग्टन यांनी माणसाच्या समतेचे त्याचे १७९५ मधील गीत गायिले.

उत्सव मात्र प्रश्न बाजूस सारतो. समतेचे गीत लिहिणाऱ्या या कवीने १७८६ मध्ये जमैकातील मळ्यावर कारकुनीसाठी जाण्याची तयारी केली होती. ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. संग्रह यशस्वी झाला नसता तर तो बहुधा गेलाही असता. पूर्वी गुलाम असलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४६ मध्ये मोठ्या आदराने त्याच्या जन्मस्थळास भेट दिली, ही गोष्ट या विसंगतीला अधिकच धार आणते. तसेच १७८८ च्या एका खाजगी पत्रात गरोदर जीनविषयी त्याने जी फुशारकी मारली आहे, तिच्यामुळे २०१८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याच्या स्त्रीविषयक वर्तनाची परखड चर्चा झाली. हे प्रश्न टाळून त्याचा गौरव करणे हे त्याच्याच उपरोधाच्या परंपरेशी विसंगत आहे. होली विलीचा दंभ ज्याने उघडा पाडला, त्याच्या पूजेत दंभ नसावा.

समारोप

'नांगऱ्या कवी' या प्रतिमेने बर्न्सला कुतूहलाचा विषय केले, 'अग्रदूत' या संज्ञेने त्याला इतरांच्या इतिहासातील तळटीप केले, तर स्मृतिभोजनांनी त्याला निष्कलंक मूर्तीचे रूप दिले. त्याच्या साहित्याकडे पाहिले असता द्विभाषिक जाण असलेला, परंपरेचा अभ्यासक आणि चालींचा साधक असा कवी दिसतो. स्कॉट्स आणि गेलिक या भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा स्कॉटिश संसदेने २०२५ मध्ये संमत केला. ज्या भाषेची लाज वाटत होती तिला कायद्याचे स्थान मिळण्यास सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात ती लोकांच्या ओठांवर राहिली, याचे पुष्कळसे श्रेय या गीतांना द्यावे लागते. म्हणून वर्गात बर्न्स शिकवताना त्याला वर्ड्‌सवर्थच्या आधी ठेवण्यापेक्षा रॅम्झी-फर्ग्युसनच्या नंतर आणि आपल्या आईच्या गाण्याशेजारी ठेवणे अधिक न्याय्य होईल.