कागद खुला झाला, प्रोटोकॉल झाला का?

सिस्कोचा ईआयजीआरपी हा राउटिंग प्रोटोकॉल आपण सगळे 'मालकीचा' म्हणूनच शिकलो. 2013 मध्ये कंपनीनं त्याचा मसुदा आयईटीएफपुढे ठेवला, 2016 मध्ये तो आरएफसी 7868 म्हणून प्रसिद्ध झाला. तेव्हापासून 'आता तो खुला आहे' असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला हे विधान अर्धवट वाटतं.

दस्तऐवजाचं पहिलंच पान बघा. त्याचा दर्जा 'माहितीपर' आहे, स्टँडर्डचा नाही. तो आयईटीएफच्या सहमतीतून आलेला नाही, स्वतंत्रपणे सादर झालेला आहे. म्हणजे प्रोटोकॉल कसा चालतो ते सांगितलंय, पण पुढे तो कसा बदलायचा हे इतरांनी मिळून ठरवण्याची सोय त्यात नाही.

मजकूर म्हणून तो चांगला आहे, हे मान्य करायलाच हवं. ड्युअल अल्गोरिदम, पॅकेटची रचना, मेट्रिकचं गणित, सगळं तपशीलवार आहे. पण दुसऱ्या कुणी केलेलं काम शोधायला गेलो की हाती काय लागतं? एफआरराउटिंगमध्ये ईआयजीआरपी आहे खरं, पण त्याच प्रकल्पाची माहितीपुस्तिका त्याला 'अल्फा' म्हणते.

आता उलटं उदाहरण घ्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा सुरू केलं, ते वायरवरची पॅकेटं वाचत वाचत. मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं सांबाला रीतसर मिळाली ती 2007 च्या अखेरीस, युरोपियन कमिशनच्या निर्णयावर न्यायालयानं शिक्कामोर्तब केल्यावर. तोवर सांबा जगभर रुजलंही होतं.

असं का? विंडोजच्या फायली युनिक्सवरून वाटायच्या तर एसएमबी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. राउटिंगला मात्र ओएसपीएफ हा खुला पर्याय आधीपासून होता. मग ईआयजीआरपी नव्यानं लिहिण्याचा खटाटोप कोण करणार? गरज असली की कागदाविनाही काम होतं. गरज नसली की कागद नुसता पडून राहतो.

म्हणून नेटवर्क उभारताना 'आरएफसी आहे का?' एवढ्यावर थांबू नये. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली, एकमेकांशी बोलणारी दोन तरी इम्प्लिमेंटेशन्स आहेत का, हे विचारावं. आयईटीएफही इंटरनेट स्टँडर्डसाठी हेच विचारते. उत्तर 'नाही' असेल, तर पुढची खरेदी कुणाकडून करायची हे आपण आजच ठरवून टाकलेलं असतं.