बराकीतलं गाणं

उल्हासनगरला आसपासची जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. ब्युनोस आयर्सलाही अशीच चाळवजा वस्ती होती. इटली-स्पेनहून आलेली कुटुंबं एकेका खोलीत दाटीनं राहत. तिथल्या अंगणांत आणि बंदराकाठच्या गल्ल्यांत टँगो रुजला. मग आमच्या शेजारच्या बराकींत काय रुजलं?

सिंधी लोककलावंत भगत तर होताच. पायांत घुंगरू, अंगात घोळदार जामा. गाणारा, नाचणारा, कथा सांगणारा माणूस एकच आणि साथीला झील धरणारे. आपल्या कीर्तनातले बुवा आणि तमाशातला सरदार एकाच अंगरख्यात शिरल्यासारखे! भगत कंवरराम यांची 1939 मध्ये सिंधमध्येच हत्या झाली. मास्टर चंदर (1907–1984) फाळणीनंतर इकडे आले आणि त्यांच्या तबकड्यांबरोबर विरहाचं गाणंही आलं. प्रा. राम पंजवानी तर साधा माठ वाजवत गायचे. गळे होते, दुःखही होतं.

कमी पडला तो गाणं नव्यानं बांधणारा. टँगोला गार्देलचा गळा मिळाला, तसे हुलिओ दे कारो आणि त्रोइलोसारखे वाद्यवृंद घडवणारेही मिळाले. त्रोइलोच्या ताफ्यात बांदोनेऑन वाजवणारा पियाझोला 1954 मध्ये पॅरिसला नादिया बुलांजेकडे शिकायला गेला. परतल्यावर त्यानं नाचाचं संगीत बसून ऐकण्याचं केलं. जुन्या रसिकांनी त्याला शिव्या घातल्या. घातल्या, कारण त्यांना टँगोची फिकीर होती.

आपल्याकडे तसा हात असलेले बुलो सी. रानी हिंदी सिनेमात रमले. 'जोगन'चं (1950) संगीत त्यांचंच. सिंधी 'अबाणा'लाही (1958) त्यांनी चाली दिल्या, पण तेवढ्यानं परंपरा उभी राहत नाही. दोष त्यांना कसा द्यायचा? पोट हिंदीवर होतं.

तरीही ही तुलना मला पुरती पटत नाही. टँगो गायला गेला शहराच्या स्पॅनिशमध्ये. स्थलांतरितांची इटालियन त्यात विरघळून गेली. सिंधी गाण्यावर मात्र मुलुख सुटलेली भाषा सांभाळायचं ओझं होतं. ज्याला राखण करायची असते, तो प्रयोगाला कचरतो. त्यामुळे लग्नातली गाणी, म्हणजे लाडे, टिकली; चेटीचंडच्या सणाला नाचायची छेज टिकली. चाली जुन्याच, फक्त ढोलाशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन बसले. वेग वाढला, विरह गळाला.

आणि श्रोते? आम्ही अंबरनाथ-बदलापूरची मराठी माणसं कापडाला, फर्निचरला, जीन्सला कॅम्पात जातो. भाव करण्यापुरते सिंधी शब्दही उचलतो. अंबरनाथच्या शिवमंदिर फेस्टिव्हलला नावाजलेले गायक ऐकायला मैदान भरतं. एक-दोन स्टेशनांच्या अंतरावरच्या भगताला मात्र आमच्यापैकी कुणी मुद्दाम ऐकायला गेल्याचं मला आठवत नाही. मीही गेलो नव्हतो.